सिगरेट सोडल्यावर खोकला वाढला, पोट साफ होईना

सिगरेट सोडून आठवडा होत आला. खोकला उलट वाढलाय, पोट साफ नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. २ मिग्रॅची निकोटिन गम चघळली की उचकी आणि छातीत जळजळ. काय चुकतंय?

उत्तर १
गम सलग चावताय. निकोटिन गालातून शोषलं गेलं पाहिजे. लाळेबरोबर पोटात गेलं की उचकी, जळजळ. तिखट झणका लागेपर्यंत सावकाश चावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. झणका ओसरला की परत. असं अर्धा तास. आधी १५ मिनिटं चहा, कॉफी, सोडा नको, आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागत असेल तर मात्र ४ मिग्रॅची गम घ्यायची असते.

उत्तर २
झोपेचा विषय चहाचा आहे भावा. धुरामुळं लिव्हर कॅफिन भराभर संपवतं. धूर बंद झाला की तोच कप जास्त चढतो. कप निम्मे करा, दुपारनंतर बंद. दम्याला थिओफिलिन चालू असेल तर डोस डॉक्टरांना विचारा, तिथंही हेच गणित.
पोटासाठी रात्री इसबगोल, ग्लासभर पाण्यात. जळजळ आहे तोवर मिसळीचा कट जरा लांबच.

उत्तर ३
श्वासनळीतले बारीक केस परत हलायला लागले की साचलेला कफ वर येतो. काही आठवडे चालतं. खोकला दाबणारं सिरप नको, कोमट पाणी प्या. कफात रक्त, ताप किंवा छातीत दुखणं असेल तर थेट सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) गाठा.
तल्लफ सहसा पाचेक मिनिटांत उतरते. रंकाळ्यावर फिरायला जा, पण टपरीची बाजू सोडून. १८००-११-२३५६ वर मोफत सल्लाही मिळतो.