सामायिक सातबारा, आत्या हयात नाही. सोयाबीनच्या अर्थसाहाय्यासाठी संमती कोणाची घ्यायची?

नमस्कार. कृषी किंवा महसूल खात्यातल्या कामाची माहिती असलेल्यांनी कृपया मार्ग सांगावा. बाबांसाठी विचारते आहे.

२०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी शासनाने अर्थसाहाय्य जाहीर केलं होतं, २९ जुलै २०२४ चा जीआर. हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. आमचं गाव विदर्भात, सोयाबीन १.६० हेक्टर, म्हणजे ८,००० रुपये. दिवाळीच्या आधी शेजारपाजारच्यांच्या खात्यात पैसे पडले, बाबांचे नाही.

ई-पीक पाहणी झालेली आहे. बाबांकडे साधा फोन, म्हणून शेजारच्या मुलाला बांधावर नेऊन त्याच्या मोबाईलवरून फोटो काढून नोंद केली होती. सातबाऱ्यावर सोयाबीन लागलं आहे. आधार बँकेला जोडलेलं आहे, पीएम किसानचे हप्तेही येतात. पण ग्रामपंचायतीत लावलेल्या याद्यांमध्ये बाबांचं नाव वैयक्तिक यादीत नाही, सामायिक खातेदारांच्या यादीत आहे. कृषी सहायक म्हणाले, ज्याच्या खात्यात पैसे घ्यायचे त्याच्या नावाने बाकीच्या सगळ्या खातेदारांचं ना हरकत प्रमाणपत्र आणा.

सातबाऱ्यावर तीन नावं आहेत: बाबा, काका आणि आत्या. आजोबा गेल्यावर तिघांची वारस नोंद झाली, ती तशीच आहे. काकांनी त्याच दिवशी सही करून दिली. आत्या २०२१ मध्ये कोरोनात गेली. तिची वारस नोंद अजून कोणीच केलेली नाही. तिला दोन मुलगे आणि एक मुलगी, एक मुलगा सुरतला असतो.

तलाठी कार्यालयात विचारलं. मृत्यूचा दाखला आणि वारसांचा अर्ज द्या, फेरफार धरला की १५ दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतील, असं सांगितलं. तोपर्यंत इथली मुदत संपेल अशी भीती आहे.

आणि खरी अडचण कागदांची नाहीच. आत्याने हक्कसोड केलेली नव्हती, बाबांनी कधी मागितलीही नाही. दर रक्षाबंधनाला ती यायची आणि जाताना पिशवीभर हरभऱ्याची डाळ घेऊन जायची, एवढाच तिचा त्या वावरातला वाटा. आता भाच्यांना सहीसाठी फोन करायचा म्हटलं की बाबा गप्प होतात. काल एवढंच म्हणाले, "पोरायले वाटंल मामा जमीन लिहून घेऊन राह्यला." माझ्या आतेभावंडांना असं वाटेल असं मला वाटत नाही, पण बाबांच्या जिवाला ते लागून राहिलं आहे.

८,००० ही रक्कम कोणाला लहान वाटेल. पण त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला, नंतर पिवळा मोझॅक आला, शेंगा भरल्याच नाहीत. जे घरात आलं ते हमीभाव ४,६०० असताना ४,३०० ने विकावं लागलं. मळणीवाल्याची उधारी बाबांनी यंदाच्या पिकातून फेडली. हे पैसे त्याच नुकसानीचे आहेत, म्हणून ते सोडून द्यावेत असं मला वाटत नाही.

माझे प्रश्न असे:

मयत खातेदाराच्या जागी तिन्ही वारसांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या दिल्या, सोबत मृत्यूचा दाखला जोडला, तर वारस नोंदीच्या आधी ना हरकत चालते का? कोणाचं असं झालं आहे का?

ते चालत नसेल तर बाबांच्या हिश्श्यापुरती तरी रक्कम मिळू शकते का?

सुरतच्या भावाने तिथेच नोटरी करून कागद पाठवला तर इथे घेतात का, की त्याला यावंच लागतं?

आणि ना हरकतीच्या मजकुरात "फक्त या अर्थसाहाय्यापुरतं, जमिनीच्या हक्काशी संबंध नाही" असं स्पष्ट लिहिता येतं का? कोणी असा कागद केला असेल तर नमुना इथे द्यावा. तो हातात असला तर भावंडांना फोन मीच करीन, बाबांना करायला लावणार नाही.