दिवाळी ते नाताळ: शनिवारची संध्याकाळ नाटकासाठी राखून ठेवा

तिसरी घंटा (धागा सुरू करणारा)

मागच्या आठवड्यात आईला नाटक दाखवावं म्हणून नागपुरातल्या एका सभागृहात गेलो. तिकीट खिडकी बंद. बाहेरच्या फळ्यावर डिसेंबरच्या तारखा खडूने लिहिलेल्या होत्या. चार शनिवार: दोन शाळांची स्नेहसंमेलनं, एक जुन्या हिंदी गाण्यांचा कराओके, एका कंपनीचा बक्षीस समारंभ. नाटक एकही नाही. आई 81 वर्षांची आहे, थंडीत शाल गुंडाळून ऑटोत बसून आली होती. ती फळा वाचून म्हणाली, "चल घरी."

म्हणून हा धागा. माझं म्हणणं एवढंच आहे: दिवाळीच्या पाडव्यापासून 31 डिसेंबरपर्यंत शहरातल्या नाट्यगृहांनी शनिवारची संध्याकाळ नाटकासाठी राखावी. बाकीचे सहा दिवस कोणालाही द्या. पंधरा दिवस आधीपर्यंत नाटक ठरलं नाही, तर तो शनिवारही मोकळा करा.

शनिवारच का, ते सांगतो. मुंबईचं नाटक एकट्या नागपूरसाठी येत नाही. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 ला पूर्ण सुरू झाला, तरी तो 701 किलोमीटरचा आहे. एका प्रयोगासाठी सेटचा टेम्पो एवढा पल्ला मारत नाही. प्रयोग लावणारा ठेकेदार अकोला, अमरावती, नागपूर, चंद्रपूर अशी माळ ओवतो. त्यातला नागपूरचा शनिवार गेला, की अमरावतीचा शुक्रवार आणि चंद्रपूरचा रविवारही जातो. 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, म्हणून निर्माता त्याच्या वर जायला कचरतो. मग गाडीभाडं आणि मुक्काम निघायचा तो भरलेल्या खुर्च्यांवरच, आणि खुर्च्या भरतात शनिवारी.

झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाच्या आवारात जुनं धनवटे रंगमंदिर होतं, ते इथल्या पुष्कळांनी पाहिलं असेल. बर्डीच्या बाजारात भाजी घ्यायला आलेली माणसं जाहिरात बघून सरळ आत शिरायची. ते पाडलं, पुढे तिथे नवं संकुल झालं. पण मधल्या काळात एक पिढी दिवाळीच्या सुट्टीत नाटक न बघता मोठी झाली. पुण्याहून सुट्टीला आलेली माझी भाची विचारते, "मामा, संध्याकाळी कोणत्या मॉलमध्ये जायचं?" तिची काय चूक? आपण तिच्यासमोर दुसरं काही ठेवलंच नाही.

आणखी एक. या राखीव शनिवारांपैकी एक तरी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटकाला द्यावा. ती मंडळी आपल्या शेजारची, आणि आपण त्यांचं नाटक पाहिलेलंही नसतं.

हॉलचा हिशेब

मी एका सभागृहाच्या कार्यालयात 19 वर्षं काम केलं, म्हणून बोलतो. तुमचं दुःख समजतं, पण मागणी मान्य नाही.

शाळा जूनमध्येच येऊन डिसेंबरची तारीख घेते, पूर्ण दिवसाचं भाडं आगाऊ भरते आणि ठरल्या दिवशी हजर होते. नाटकाचं काय होतं? ठेकेदार तारीख धरतो, आम्ही तीन जणांना नाही म्हणतो, आणि आठ दिवस राहिले की फोन येतो: "साहेब, कलावंताचं शूटिंग लागलं." अनामत जप्त केली तरी त्यात त्या दिवसाचा खर्चही निघत नाही. नाटक होवो न होवो, वीज, एसीची देखभाल, जनरेटर, अग्निशमनाची तपासणी, सफाईवाल्यांचे पगार थांबत नाहीत. वर्षभराचा तोटा भरून काढायला आम्हाला हेच दोन महिने मिळतात. मे महिन्यात नागपुरात दुपारचा कार्यक्रम कोण ठेवतो?

तुम्ही म्हणता पंधरा दिवस आधी मोकळा करा. पंधरा दिवसांत कुठली शाळा संमेलन उभं करेल?

बाईंचा वर्ग

दादा, फळ्यावर स्नेहसंमेलन वाचून तुम्हाला वाईट वाटलं, ते वाचून मला वाईट वाटलं.

मी पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत शिकवते. आमच्या मुलांचे वडील कोणी कळमन्याला हमाली करतात, कोणी ऑटो चालवतात, आया चार घरची कामं करतात. शनिवारी संध्याकाळी ठेवलं तर निदान अर्धे पालक येतात. बुधवारी ठेवलं तर पोरगं विंगेतून आई दिसते का ते बघत राहतं आणि आपली एंट्री विसरतं. हे मी दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिलं आहे. सातवीतली एक मुलगी जिजाऊ झाली होती. वाक्य आठवेना, रडली नाही, तशीच उभी राहिली. तिची आई नवव्या मिनिटाला दारात आली, आणि मग ती बोलली.

शाळेच्या पटांगणात मंडप घालून करता येतं, करतोही. पण खऱ्या रंगमंचावर, खऱ्या पडद्यामागे उभं राहिलेलं मूल वेगळं असतं. तुम्हाला उद्या नाटकाला प्रेक्षक हवा आहे ना? तो आज त्या पडद्यामागे उभा आहे.

तिसरी घंटा

बाई, तुमचा मुद्दा मनाला लागला. स्नेहसंमेलनाला मी कराओकेच्या रांगेत बसवायला नको होतं. ते मागे घेतो.

मागणी मात्र मागे घेत नाही. शनिवारी सकाळी 9 ते 1 संमेलन आणि संध्याकाळी नाटक, असं का होऊ नये? सेट लावायला चार तास लागतात, तेवढा वेळ मधे उरतो.

बाईंचा वर्ग

शनिवार कामाचा असतो हो बहुतेकांना. रविवारी सकाळी चालेल. पण रविवारचं भाडं शाळेला परवडलं पाहिजे. हॉलवाल्यांनी रविवार सकाळ अनुदानित शाळांना अर्ध्या दरात दिली, तर मी आमच्या मुख्याध्यापकांशी बोलायला तयार आहे.

हौशी विंग

हा धागा वाचून मला एक गोष्ट खटकून राहिली. तिसरी घंटा काका, झाडीपट्टी सोडली तर तुमच्या लिहिण्यात नाटक म्हणजे मुंबईहून येणारं नाटक. नागपूरचं नाटक कुठे आहे?

ज्या शहरात पुरुषोत्तम दारव्हेकरांनी रंजन कला मंदिर ही नाट्यसंस्था चालवली, जिथे नाटककार महेश एलकुंचवार राहतात, त्या शहराने दिवाळीत मुंबईच्या टेम्पोची वाट बघायची? राम गणेश गडकरी गेले ते इथून तासाभरावर, सावनेरला, 23 जानेवारी 1919 ला. आपल्या मातीला नाटक परकं नाही.

राज्य नाट्य स्पर्धेची नागपूर केंद्रावरची प्राथमिक फेरी याच थंडीच्या मोसमात येते. तिकीट चहा-पोह्याच्या किमतीचं. रोज एक नवं नाटक, आणि पुढच्या दोन रांगांत परीक्षक सोडले तर आमचेच मित्र आणि नातेवाईक. शनिवारची संध्याकाळ राखीव ठेवून काय होईल? नाव झालेल्या कलावंतांच्या नाटकाला गर्दी होईल. आम्ही तालमी करतो त्या कोणाच्या तरी गच्चीवर, नाही तर मंगल कार्यालय रिकामं असेल तेव्हा तिथे. आम्हाला हवी आहे ती मंगळवारची रिकामी दुपार, रंगीत तालमीसाठी, खऱ्या प्रकाशयोजनेसह. ती द्यायला कोणाचं काही जात नाही. आणि डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की लॉजचे दर असे चढतात, की बाहेरगावच्या दिग्दर्शकाला चार रात्री ठेवणं आम्हाला झेपत नाही. 1953 च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन इथे आणलं. त्याच पंधरवड्यात आमचा मोसम असतो.

तिसरी घंटा

बरोबर आहे तुझं, बेटा. पण मी उलट बाजूने बघतो. माणूस आधी नावाजलेल्या नटाला बघायला येतो. त्याला खुर्चीची, अंधाराची, मोबाईल बंद करून तीन तास बसण्याची सवय लागते. मग तो तुझ्या स्पर्धेकडे वळतो. माझं तसंच झालं. पहिल्यांदा मी वडिलांच्या हट्टाने गेलो होतो.

झाडीची लेक

मी ब्रह्मपुरीकडची. नोकरीसाठी आठ वर्षांपासून नागपुरात आहे. काकांनी झाडीपट्टीला एक शनिवार देऊ म्हटलं. मनापासून म्हटलं, दिसते ते. पण काका, आमाले तो शनिवार नको.

आमचं नाटक म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. धान निघते, दिवाळी होते, भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असते, कोणाच्या पोरीची सोयरीकही त्याच गर्दीत जुळते. आणि रात्री नाटक. दहा-अकराले सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. घरून आणलेल्या सतरंज्या, चादरी, मांडीवर झोपलेलं लेकरू, मागे चहाची टपरी. ऑर्गन वाजला की झोपलेला माणूसही उठून बसते. वडसा गावात नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावचं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवते, मंडप उभा करते, तिकीट विकते. उरलेल्या पैशातून मंदिराचं, समाजभवनाचं काम होते. बुडालं तर पोरं आपल्या खिशातून भरतात.

सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये बैलांच्या शर्यती बंद केल्या, तेव्हा पट गेला आणि पटासंगं नाटकाची गर्दीही गेली. किती मंडळांनी नाटक ठेवणंच सोडलं होतं. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठाने कायदा कायम ठेवला, तेव्हा जीव परत आला. त्याच 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. तेव्हापासून शहरातले लोक म्हणून राहिले, झाडीपट्टी आणा, झाडीपट्टी आणा.

आणून काय कराल? सात तासांचं नाटक अडीच तासांत कापाल. गाणी कमी करा म्हणाल, विनोद थोडा सांभाळून म्हणाल. एसीत बसलेले लोक टाळ्या वाजवतील आणि लोककला म्हणून फोटो काढतील. आमचा नट गावात संवाद म्हणते तेव्हा समोरून बाई उत्तर देते. त्या खुर्चीतून कोण उत्तर देईल? नाटक इथे आणण्यापेक्षा शहरातून एक बस तिकडे न्या. आधी इतवारीहून नागभीडची रेल्वेची छोटी लाईन होती, माझी आजी तिनेच ये-जा करे. ती 2019 मध्ये बंद झाली. पण रस्त्याने अडीच-तीन तासांत पोचता.

काळा कोट

रात्रभराच्या नाटकाचा विषय निघाला म्हणून एक कायद्याची बाब. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. राज्य सरकार सण-उत्सवासाठी वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस 12 वाजेपर्यंत सूट देऊ शकते. बंदिस्त सभागृहात आतल्या आत आवाज ठेवला तर मात्र ही बंदी लागू होत नाही. म्हणजे पूर्ण लांबीचं झाडीपट्टी नाटक कायद्याने बघायचं, तर उलट सभागृहच सोयीचं आहे.

झाडीची लेक

कायदा तुम्हाले माहीत, वकील साहेब. पण आमचं मंडळ दरवर्षी परवानगीसाठी चकरा मारते आणि नाटक करते. चार भिंती बांधल्या म्हणजे सोय झाली, असं नाही होत ना.

हॉलचा हिशेब

रात्रभर हॉल उघडा ठेवायचा तर डोअरकीपर, इलेक्ट्रिशियन, पहारेकरी यांची दुसरी पाळी लागते. आणि प्रेक्षक घरी कसे जातील? येताना मेट्रोने बर्डीवर उतरता येतं, पण साधं नाटकही सुटतं तेव्हा मेट्रो बंद झालेली असते. हुडकेश्वरच्या माणसाला रात्री ऑटोवाला मागेल ते द्यावं लागतं. शनिवार राखायच्या आधी नाटक साडेसहाला सुरू करा, म्हणजे लोक साडेनऊला मोकळे होतील. हे मी वर्षानुवर्षं ठेकेदारांना सांगत आलो. कोणी ऐकलं नाही.

रविवार सकाळचा बाईंचा प्रस्ताव मला पटतो. रविवारी सकाळी आमच्याकडे कुलूपच असायचं. अर्धा दर आला, तरी तो शून्यापेक्षा बरा. मंगळवारच्या दुपारीही तसंच. हौशी मुलांना एसी बंद ठेवून, नुसत्या विजेच्या खर्चात देता येईल. मी आता कामावर नाही, पण जुन्या सहकाऱ्यांच्या कानावर घालतो. शनिवारबद्दल माझं मत तेच आहे. आधी नाटकवाल्यांनी तारीख पाळून दाखवावी.

तिसरी घंटा

साडेसहा मला मान्य. तारीख मोडणाऱ्या ठेकेदाराला पुढच्या मोसमात राखीव शनिवार देऊ नका, हेही मान्य. शनिवार मात्र मी सोडणार नाही. पुढच्या जूनमध्ये, शाळा तारखा घेतात त्याच वेळी, अर्ज घेऊन जाईन. सोबत कोणी येणार असेल तर इथे लिहा.

झाडीची लेक, तुझं मी तीनदा वाचलं. झाडीपट्टीचा शनिवार मागणीतून काढतो. तुमच्या गावचं नाटक कधी आहे?

झाडीची लेक

शंकरपट जानेवारीत आहे, संक्रांतीनंतर. दुसऱ्या रात्री नाटक. या काका. स्वेटर, कानटोपी आणा, पहाटे धानाच्या बांधीवरून वारा येते तो नागपूरच्या थंडीसारखा नसते.

तिसरी घंटा

आईला विचारलं. ती यायला तयार आहे. तिला खाली मांडी घालून बसता येत नाही, खुर्ची मिळेल का?

झाडीची लेक

भेटन ना. शेजारच्या घरून आणू. पुढे बसवू त्यांना, ऑर्गनजवळ.