मदत हवी आहे: जागा सोडूनही पोस्टर गिचमिड दिसतंय

बोरूबहाद्दर
पोस्टर उद्या छपाईला जायचंय. सगळीकडे ऐसपैस जागा सोडली आहे, तरी गर्दी वाटते. आयोजक उलटंच म्हणतात, "खाली एवढं रिकामं का? काहीतरी टाका तिथे." ट्यूटोरियल बघा असं कृपया सांगू नका, ते झालंय. नेमकं काय बदलू?

तळटीप
आकार? छापील की मोबाइलवर फिरवायचं? मजकूर किती? पोस्टर न दाखवता निदान कसं करणार?

मुक्तछंद
इंकस्केप वापरा. फुकट आहे आणि ग्रिड झकास मिळते.

बोरूबहाद्दर
सॉफ्टवेअर विचारलेलं नाही. इलस्ट्रेटर आहे. ए३, छापील. मजकूर नेहमीचाच: कार्यशाळेचं नाव, तारीख, वेळ, स्थळ, वक्ते, नोंदणीचा क्यूआर कोड, प्रायोजकांचे लोगो. प्रत्येक दोन गोष्टींमध्ये बरोबर १५ मिमी अंतर ठेवलंय.

काना_मात्रा
मजकूर मराठीत आहे ना? लीडिंग, म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर, किती?

जुना_खिळा
१९५९ सालची फोक्सवॅगनची 'थिंक स्मॉल' जाहिरात बघा. पान रिकामं, त्यात इवलीशी गाडी. आयोजकांना तीच दाखवा, गप्प बसतील.

तळटीप
खिळेभाऊ, त्या जाहिरातीच्या तळाशी तीन रकाने मजकूर आहे, तो सगळे विसरतात. शिवाय तिथे विकायची गोष्ट एकच होती. इथे सात आहेत.

बोरू, घोळ त्या १५ मिमीतच आहे. सगळीकडे सारखं अंतर म्हणजे डोळ्याला सात सुटे तुकडे. तारीख, वेळ, स्थळ एकत्र आणा, मध्ये ४-५ मिमी पुरे. वाचलेली सगळी जागा त्या गठ्ठ्याच्या आणि नावाच्या मध्ये टाका, ४० मिमी झाली तरी घाबरू नका. एकूण मोकळी जागा तेवढीच राहील, पण पोस्टर सुटसुटीत दिसेल. समास मात्र आतल्या फटींपेक्षा मोठा ठेवा, नाहीतर मजकूर कडेकडे पळतो.

मुक्तछंद
पांढरा कागद उजेडात चमकतो. पिवळसर घ्या.

तळटीप
कागदाचं कुठे चाललंय? गडद निळ्यावर छापलं तरी मोकळी जागा ती मोकळी जागाच.

बोरूबहाद्दर
हो, मराठीतच. अजून कोणत्या भाषेत असणार? लीडिंग ऑटो.

काना_मात्रा
मग अर्धी गर्दी तिथेच आहे. ऑटो म्हणजे अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के. रोमन लिपीला ते चालून जातं. आपल्याकडे वर रफार-वेलांटी, खाली उकार. वरच्या ओळीत 'श्रद्धाळू' आणि नेमकं त्याखाली 'वार्षिकी' आलं की दोघं एकमेकांत घुसतात. १४० ते १५० करून बघा. मथळा दोन ओळींचा असेल तर तो डोळ्यानेच जुळवा, आकड्यावर विसंबू नका.

जुना_खिळा
१५० ला ओळी फाटतात. मी १३५ च्या वर कधीच जात नाही.

काना_मात्रा
फॉन्ट कोणता त्यावर आहे. काही फॉन्टांत अक्षर मुळातच लहान बसवलेलं असतं, तिथे १३५ पुरतं.

बोरूबहाद्दर
गठ्ठे केले, लीडिंग १४५. बराच फरक पडला, आभार. पण खालचा भाग आता आणखी रिकामा दिसतो आणि आयोजक क्यूआर कोडला चिकटून लोगो मागताहेत.

तळटीप
कोडला चिकटून अजिबात नाही. त्याच्या चारही बाजूंना त्यातल्याच ४ बारक्या चौकटींएवढी पट्टी मोकळी लागते, तिथे काही घुसलं की स्कॅन अडतो. हे कारण आयोजकांना लगेच पटेल, 'सौंदर्य' वगैरे बोलत बसू नका. लोगो एका ओळीत, सारख्या उंचीचे, तळाला.

बोरूबहाद्दर
सारख्या उंचीचे? मुख्य प्रायोजकाला दुप्पट हवाय.

जुना_खिळा
त्यासाठी वेगळा धागा काढा. तिथे मलाही लिहायचंय.