शब्दचर्चा : 'मंडळीच्या' की 'मंडळींच्या'? (चर्चच्या फलकासाठी हवं आहे)

गोदाकाठ
परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. चर्चच्या फाटकाशेजारचा पत्र्याचा फलक, सहा फूट बाय चार, नव्यानं रंगवायचाय. मजकूर असा दिला होता :

रविवार – शब्बाथ शाळा स. ८.३०, उपासना स. १०
बुधवार – महिला मंडळ दु. ३
गुरुवार – घरसभा सायं. ७ (कोणाच्या घरी ते रविवारी जाहीर होईल)
शुक्रवार – उपास प्रार्थना स. ११ ते २
शनिवार – तरुण संघ सायं. ५
महिन्याचा पहिला रविवार – प्रभुभोजन
मंडळीच्या कामकाजासाठी पाळकांना भेटावे.

डीटीपीवाल्याकडून नमुना आला त्यात तीन दुरुस्त्या होत्या. 'मंडळीच्या'चं 'मंडळींच्या', 'पाळकांना'चं 'पालकांना' आणि 'उपास प्रार्थना'चं 'उपासना प्रार्थना'. शेवटच्या दोन चुका उघड आहेत (पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू). पहिलीवर मात्र कमिटीतच दोन तट पडले. काहींचं म्हणणं, अनुस्वार हवाच, नाहीतर गावातले शिक्षक नावं ठेवतील. जाणकारांनी सांगावं.

बोरू आणि टाक
अनुस्वार नको. हे दोन वेगळे शब्द झालेत. 'घरच्या मंडळींना बोलवा' यात मंडळी म्हणजे माणसं, म्हणून अनेकवचनी सामान्यरूप. ख्रिस्ती मराठीत मंडळी म्हणजे संस्था, स्त्रीलिंगी एकवचन : ती मंडळी, मंडळीने ठरवलं, मंडळीचा अहवाल. हिचं अनेकवचन 'मंडळ्या' होतं. बायबलमधल्या प्रकटीकरणात आशियातल्या 'सात मंडळ्या' आहेत, 'सात मंडळी' नाहीत. माणसं या अर्थी कोणी 'मंडळ्या आल्या' म्हणत नाही. एवढ्या एका कसोटीवर प्रश्न सुटतो.

सायीचं दही
बोरूदादा, ही फक्त ख्रिस्ती मराठीची खोड नाही. १८८० ची किर्लोस्कर नाटक मंडळी घ्या. 'किर्लोस्कर नाटक मंडळीचा प्रयोग' असंच लिहितात, 'मंडळींचा' कोणी लिहीत नाही. संस्था म्हटली की एकवचन, ही जुनी मराठी रीत आहे. बाकीच्यांनी ती नाटक कंपन्यांबरोबर सोडली, चर्चनं टिकवली. फलकावर तीच राहू द्या.

वाचणारा कोण
टिकवली हे मान्य. पण फलक कोणासाठी असतो? मंडळीतल्या माणसाला उपासनेची वेळ पाठ असते. फलक लागतो तो बदली होऊन आलेल्या नर्सबाईला, बँकेतल्या नव्या कारकुनाला, पत्ता शोधणाऱ्या पाहुण्याला. त्यांना 'मंडळीच्या कामकाजासाठी' वाचून काही उमगणार नाही. सरळ 'चर्चच्या कामकाजासाठी' लिहा. 'चर्च' हा आता मराठी शब्द आहे.

बोरू आणि टाक
'चर्च' म्हटलं की इमारत डोळ्यांपुढे येते. मराठवाड्यात कितीतरी ठिकाणी मंडळी आहे आणि इमारत नाही. भाड्याची खोली असते, शाळेचा वर्ग असतो, शेतातलं पत्र्याचं शेड असतं. तिथं लग्नाची नोंदवही, बाप्तिस्म्याचं रजिस्टर, वडिलांची (म्हणजे मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांची) निवड हे सगळं मंडळीचं असतं. इमारत पडली तरी मंडळी राहते. 'चर्च' शब्दानं हा फरक पुसला जातो, म्हणून माझा आग्रह.

औरंगपुरा
इमारतीसाठी जुनी माणसं 'देऊळ'च म्हणायची, काही अजून म्हणतात. 'गिरजाघर' मात्र हिंदीतून आलंय, ते नको. त्याचा गिरिजेशी संबंध जोडणारेही भेटतात. मुळात तो पोर्तुगीज 'इग्रेजा' आहे. पाद्री, क्रूस, नाताळ ही त्याच घरची मंडळी. (इथं अनुस्वाराचा प्रश्नच येत नाही.)

ळ-कार
'पालकांना' याकडे 'उघड चूक' म्हणून दुर्लक्ष करू नका. सगळ्यांत जास्त घोटाळा हाच शब्द करतो. मोबाइलचा कीबोर्ड 'पाळक' ओळखत नाही आणि 'पालक' सुचवतो. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेला की नंतर शुद्धलेखन तपासनीस तेच करतो. शब्बाथ शाळेची खरोखरची पालकसभाही असते. त्यामुळे 'रविवारी पालकांची सभा' छापलं की कोण येणार ते सांगता येत नाही. छपाईला देण्याआधी मजकुरात 'पालक' शोधा आणि प्रत्येक जागा हाताने तपासा. एकदम सगळं बदलू नका, नाहीतर खरे पालकही पाळक होतील.

व्युत्पत्तीनं दोन्ही एकच, 'पाल्' धातू. मराठीनं ळ घालून वेगळं काम दिलं : मेंढपाळातला पाळ तोच पाळकातला.

वाचणारा कोण
मग 'पास्टर' लिहा. घोटाळाच नको.

ळ-कार
घोटाळा टाळायला शब्दच टाकायचा का? कळप, मेंढरं, पाळक ही सगळी एका चित्रातली भाषा आहे. 'पास्टर' म्हटलं की ते चित्र मराठी कानाला ऐकू येत नाही. बोलताना पाळकसाहेब, पाद्रीसाहेब, पास्टर काय हवं ते म्हणा. फलकावर पाळक.

उपास-तापास
उपास आणि उपासना यांच्याबद्दल एक सांगायलाच हवं. उपास हे उपवासाचं झिजलेलं रूप. उप + वस्, जवळ राहणं. उपासना म्हणजे उप + आस्, जवळ बसणं. देवाजवळ राहणं आणि देवाजवळ बसणं. अर्थानं सख्खी भावंडं, पण फलकावर अदलाबदल झाली तर शुक्रवारी माणसं जेवून येतील.

दुसरं असं, की बाहेरचा माणूस 'उपास' वाचून साबुदाणा, भगर धरून चालतो. इथं आदल्या रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, पाणी चालतं, आणि दोनला प्रार्थना संपल्यावर चहा-पोह्यांवर उपास सोडायचा अशी रीत असते. 'उपवास व प्रार्थना' असं लिहिलं तर छपाईत 'उपासना' होण्याचा धोका जातो. खाली बारीक अक्षरात 'साखरेची औषधे चालू असणाऱ्यांनी जेवून यावे' ही ओळ घालाच. उन्हाळ्यात अकरा ते दोनच्या बैठकीत चक्कर येणारे बहुधा तेच असतात.

आयतवार
शब्बाथ शाळा हा शब्द बदला. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. गावात अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी असेल तर त्यांची शब्बाथ शाळा शनिवारी भरते आणि तीही याच नावानं. तुमचा फलक वाचून पोरं चुकीच्या वारी चुकीच्या दारात. 'रविवार शाळा' लिहा, नाहीतर सरळ 'संडे स्कूल'.

सायीचं दही
जुन्या मराठी ख्रिस्ती लिखाणात रविवारलाच शब्बाथ म्हणत. शब्द चुकीचा नाही, जुना आहे. आणि फलकावर 'रविवार' हा वार त्याच ओळीत आहे की.

आयतवार
ओळीत आहे, पण आमंत्रणपत्रिकेवर नसतो. तिथं नुसतं 'शब्बाथ शाळेचा वर्धापनदिन' छापतेत. आपल्याकडं बोलताना म्हणतेत ते 'आयतवारची शाळा'. तेच लिहायला काय हरकत?

औरंगपुरा
आयतवार हे उर्दू 'एतबार'वरून आलंय ना? विश्वासाचा वार. निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत शाळा-कचेरीची भाषा उर्दू होती, तेव्हा रविवारच्या उपासनेला हे नाव शोभलं असणार.

बोरू आणि टाक
नाही. आयतवार, ऐतवार, हिंदीतला इतवार हे सगळे आदित्यवारातून आले, आदित्य म्हणजे सूर्य. 'एतबार' अरबी, त्यात ब आहे आणि वाराशी त्याचं नातं नाही. ऐकायला गोड व्युत्पत्ती खरी असतेच असं नाही.

जालना रोड
कॅथलिकांकडची अडचण वेगळी. 'उपासना' आमच्याकडे एवढी चालत नाही. रविवारचा असतो तो मिस्सा. द्वितीय व्हॅटिकन परिषद (कॅथलिक बिशपांची) १९६५ ला संपली, त्यानंतर लॅटिनच्या जागी मराठी आली, पण मिस्सा हा लॅटिन शब्द तसाच राहिला. त्याला पर्याय म्हणून 'ख्रिस्तयाग' घडवला. 'पवित्र मिस्सा साजरा झाला' आणि 'साजरी झाली' अशी दोन्ही छापलेली आढळतात, म्हणजे लिंगही ठरलेलं नाही.

फलकावर सगळ्यांत जास्त चुकते ती शनिवारची ओळ. शनिवारी संध्याकाळचा मिस्सा रविवारचाच धरतात. 'शनिवार सायं. ६ : रविवारचा मिस्सा' असं लिहिलं की नवा वाचक गोंधळतो. 'शनिवार सायं. ६ : मिस्सा (रविवारसाठी)' हे बरं.

वाचणारा कोण
'याग' कशाला? त्यानं होमकुंड आठवतं.

जालना रोड
आठवू द्या, कारण याग म्हणजे बलिदान, आणि मिस्सा हे बलिदान आहे हीच कॅथलिक शिकवण. 'उपासना' म्हटलं तर तो अर्थ निसटतो. शब्द संस्कृत आहे म्हणून परका ठरत नाही, आणि मिस्सा लॅटिन आहे म्हणूनही नाही.

कपाट क्र. २
प्रभुभोजन. प्रभू एकटा असताना दीर्घ, समासात ऱ्हस्व. 'प्रभूभोजन' रंगवू नका.

दुसरं, बाहेरचे लोक याला भंडारा समजतात. जेवणाची पंगत म्हणजे 'प्रीतिभोजन', ते वेगळं. प्रभुभोजनात भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. शास्त्रात 'भाकर' आहे, पण ज्वारीची भाकर क्वचितच वापरतात, बहुतेक ठिकाणी ब्रेडच. कडा काढून एका स्लाइसचे पाच गुणिले पाच, म्हणजे पंचवीस तुकडे पडतात. सव्वाशे घेणारे असतील तर पाच स्लाइस पुरतात, एक जास्तीची ठेवावी. तुकडे सकाळीच करावेत. रात्री करून ठेवले तर कोरडे पडून ताटात चुरा होतो. रसासाठी काळे मनुके रात्रभर भिजवून, उकळून, फडक्यातून गाळतात. दोन दिवस आधी करून ठेवला तर मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये तो आंबतोच.

आणि 'महिन्याचा पहिला रविवार' पक्का रंगवू नका. दीक्षा झालेल्या पाळकाशिवाय प्रभुभोजन होत नाही आणि एका पाळकाकडे चार-पाच गावं असतात. बाकीच्या रविवारी मंडळीचे वडील उपासना चालवतात, त्याला अडचण नाही. ती एक ओळ खडूनं लिहायला काळी पट्टी सोडा.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. काळ्या पट्टीची सूचना लगेच घेतो. पण रंगारी शनिवारी येतोय आणि शेवटच्या ओळीवर कमिटी अजून अडलेली आहे. 'मंडळी'साठी पाच मतं, 'चर्च'साठी चार. शिवाय त्याच पट्टीवर 'कापणीचा सण' लिहायचा आहे.

मांजराकाठ
कापणीचा सण? लातूर-धाराशिवकडं 'सुगीचा सण' म्हणा. कापणी हा शब्द आपल्या पिकांना पुरा पडत नाही. कापूस वेचतेत. रब्बीची ज्वारी उपटून काढतेत, ती काढणी. सोयाबीन विळ्यानं कापतेत, तीच एक कापणी म्हणायची. तुरीची खोडं तोडून खळ्यात आणतेत, मग बडवतेत. या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे, सुगी.

सायीचं दही
'हंगामाचे उपकारस्मरण' हा जास्त नेमका आहे. सण पिकाचा नाही, आभार मानण्याचा आहे.

मांजराकाठ
नेमका आहे, पण पट्टीवर मावत नाही आणि म्हातारी माणसं म्हणत नाहीत. तारीखही शब्दावरच ठरते. 'हंगाम' म्हटलं की दिवाळीनंतरचा खरीप धरतेत, 'सुगी' म्हटलं की ज्वारीची, म्हणजे फेब्रुवारी-मार्च. नुसतं 'हार्वेस्ट' लिहिलं तर लोक विचारतेत, कोणतं?

कपाट क्र. २
आणि त्या दिवशी वेदीपुढे आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, तेव्हा वहीत नीट लिहा. धान्य पायलीनं येतं, चार शेरांची पायली. पण पायली हे माप आहे, वजन नाही. ज्वारीची पायली आणि करडीची पायली सारखी भरत नाही. तागडीवर घालून किलोत नोंद करा, पुढे बोलीची रक्कम, पुढे घेणाऱ्याचं नाव. एकच पेंडी घेणाऱ्यानं परत दान केली आणि पुन्हा बोली लागली, तर दोन्ही रकमा वेगळ्या ओळीत. वर्षअखेरीला हिशोब जुळत नाही तो बहुतेक याच ओळींमुळे.

आयतवार
लिलाव नाही, हर्रास. आपल्याकडं हर्रास होतो.

वाचणारा कोण
हर्रास उर्दू. फलकावर शुद्ध मराठी 'लिलाव' असू द्या.

औरंगपुरा
लिलाव पोर्तुगीज आहे हो, 'लेलांव'वरून आलेला. शुद्धच हवा असेल तर दोन्ही सोडावे लागतील.

मांजराकाठ
हर्रासच लिहा. 'उपासनेनंतर हर्रास' वाचलं की खेड्यावरचा माणूस पिशवी आणि सुटे पैसे घेऊन येतो. 'लिलाव' वाचलं की त्याला बँकेची जप्ती आठवते.

बोरू आणि टाक
'हर्रास' की 'हर्राज'? बीडकडे ज ऐकलाय. लिहिण्याआधी तेवढं कोणीतरी सांगा.