पशुवैद्यांच्या पुस्तकाला पैसा कोणाचा?

बोक्याचा बाबा:
परवा बोक्याला दवाखान्यात नेलं. भिंतीवरचं घड्याळ कुत्र्या-मांजरांचं खाणं विकणाऱ्या हिल कंपनीचं, वजनाचा तक्ता कंपनीचा, चिठ्ठीचं पॅडही तिचंच. चिठ्ठीवर लिहिलेली खाण्याची पिशवी मागच्या कपाटातून निघाली, तीही तिचीच. घरी येऊन जरा वाचलं. १९३९ मध्ये न्यू जर्सीच्या डॉ. मार्क मॉरिस यांनी बडी नावाच्या, अंध मालकाला वाट दाखवणाऱ्या कुत्र्यासाठी किडनीचं पथ्य बनवलं. १९४८ पासून अमेरिकेतल्याच टोपेका शहरातली ही हिल कंपनी ते डब्यात भरू लागली, १९७६ मध्ये ती कोलगेट-पामोलिव्हकडे गेली. इथवर ठीक. पण अमेरिकेतल्या व्हेट कॉलेजांत कुत्र्या-मांजरांच्या आहारावरचा जो जाडजूड ग्रंथ चालतो, तो छापणारी संस्थाही मॉरिसांच्याच नावाची, टोपेकातलीच. एमबीबीएसचं पुस्तक औषध कंपनीच्या घरातून आलं असतं तर आपण गप्प बसलो असतो का?

परळचा व्हेट:
मी मुंबईच्या पशुवैद्यकीय कॉलेजचा. आम्हाला न्यूट्रिशन म्हणजे गाई-म्हशी. वैरण, पेंड, मुरघास, दुधाचं फॅट. कुत्र्या-मांजरांच्या वाट्याला जेमतेम काही तास. दवाखाना उघडला तर टेबलावर पहिला पेशंट पॉमेरेनियन! कंपनीचे सेमिनार नसते तर मीही दूध-चपातीच सांगत बसलो असतो. बोक्याच्या मूत्राशयातला स्ट्रुव्हाइटचा (एका क्षाराचा) खडा नुसत्या पथ्याच्या खाण्याने काही आठवड्यांत विरघळलेला मी एक्स-रेवर पाहिलाय. त्या संशोधनाला पैसा कोणाचा, त्याने बोक्याला काय फरक पडतो?

सातारचा_गडी:
आमचा मोत्या १४ वर्षं ताक-भाकरीवर जगला.

परळचा व्हेट:
आणि त्याच्या पाठची जी पिल्लं लवकर गेली? ती कोणी मोजत नाही.

बोक्याचा बाबा:
खाणं वाईट असं मी म्हटलंच नाही. घरच्या भात-अंड्यावर प्रयोग कोण करणार, हा माझा प्रश्न आहे. त्यातून काही विकता येत नाही. १९८७ मध्ये पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातून दाखवलं की बाजारचं खाणाऱ्या मांजरांची हृदयं टॉरिन हे पोषकद्रव्य कमी पडून निकामी होतायत. विद्यापीठाने बोट ठेवलं तेव्हा कंपन्यांनी टॉरिन वाढवलं.

परळचा व्हेट:
वाढवलं ना? ताक-भाकरीत कोण वाढवणार होतं?

जर्सीकर:
इकडे अमेरिकेत हा वाद उलटाही खेळला जातो. २०१८ मध्ये एफडीएने, म्हणजे इथल्या सरकारी अन्न-औषध खात्याने, धान्यविरहित खाणं आणि कुत्र्यांचा हृदयविकार यांचा संबंध तपासायला घेतला, की लगेच ‘व्हेट विकले गेलेत’ अशी ओरड. ओरडणाऱ्यांत धान्यविरहित पिशव्या विकणारेही होते, हे सोयीस्कर विसरलं जातं. २०२२ च्या अखेरीस एफडीए थांबली, कारण काही पक्कं झालं नाही. पुस्तकापेक्षा मला मालकी खुपते. रॉयल कॅनिन ही कुत्र्या-मांजरांच्या खाण्याची कंपनी चॉकलेटवाल्या मार्सची, आणि २०१७ मध्ये मार्सनेच व्हीसीए ही प्राण्यांच्या दवाखान्यांची साखळी ९.१ अब्ज डॉलरला घेतली. उद्या डॉक्टरने दुसरी पिशवी सुचवायचं ठरवलं, तर पगार कोण देतं हे डोक्यात येणारच की!

परळचा व्हेट:
हे मान्य. माझ्या कपाटाचा मालक निदान मीच आहे. मार्जिन मलाही मिळतं, नाकारत नाही.

बोक्याचा बाबा:
चला, हे तरी कबूल केलंत. आता अपडेट. पिशवी उघडली. बोक्याने हुंगलं, माती ओढावी तसा पंजा दोनदा फरशीवर ओढला आणि निघून गेला.

परळचा व्हेट:
एकदम बदलू नका हो. आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळा, वर चमचाभर कोमट पाणी.