ब्राम्सचा एफ मायनर सोनाटा: आधी स्कोअर की आधी फुंक?

खर्ज_पंचम: जर्मन संगीतकार ब्राम्सचा क्लॅरिनेट-पियानो सोनाटा (दोन वाद्यांची अनेक भागांची रचना; ओपस १२०, क्र. १) वाजवणारे बरेच क्लॅरिनेटवाले फक्त स्वतःचं पान बसवतात, आणि ते ऐकताना कळतं. पहिला भाग सुरू होतो तो एकट्या पियानोवर. चार बार (तालाची आवर्तनं), दोन्ही हातांत तेच सूर, सप्तकाच्या अंतराने. क्लॅरिनेटवाला तोवर रीड (तोंडात धरायची वेताची पट्टी) ओली करत उभा! भागाच्या शेवटी 'सोस्टेनुतो एद एस्प्रेसिव्हो' (सूर धरून, भाव ओतून) येतं, तिथे तीच सुरुवातीची कल्पना परत येते आणि सगळं उजळ एफ मेजरमध्ये निवतं. सुरुवात ज्याने मनावरच घेतली नाही, तो तिथे नेमकं काय वाजवतो? त्यात क्लॅरिनेट बी फ्लॅटचा, लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजणारा, म्हणजे त्याच्या पानावर जी मायनर आणि पियानोच्या पानावर एफ मायनर. पूर्ण स्कोअर (दोन्ही वाद्यांच्या ओळी एकत्र असलेलं लेखन) वाचल्याशिवाय वाद्याला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत.

फुंकर: असहमत. १८९० नंतर ब्राम्स लेखन थांबवायच्या बेतात होता. १८९१ मध्ये जर्मनीतल्या माइनिंगेनच्या दरबारी वाद्यवृंदातल्या रिचर्ड म्युलफेल्डचा क्लॅरिनेट कानावर पडला आणि तो पुन्हा लिहायला बसला. त्याच वर्षी क्लॅरिनेटचा ट्रिओ (तीन वाद्यांचा) आणि क्विंटेट (पाच वाद्यांचा), मग १८९४ च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या बाड इशलला हे दोन सोनाटे. म्युलफेल्ड मूळचा व्हायोलिनवाला, क्लॅरिनेट स्वतःच्या स्वतः शिकलेला. म्हणजे कागदाच्या आधी फुंक होती. दुसऱ्या भागातली लांब ओळ कुठे श्वास घेऊन तोडायची, ते छाती सांगते. फॉर्मचा (रचनेच्या बांधणीचा) तक्ता नाही सांगत.

काळी_पांढरी: मी पियानोवर बसते, म्हणून माझंही ऐका. 'तुम्ही फक्त साथ करा' असं मला एकाने तालमीत तोंडावर सांगितलंय. या सोनाट्यात! शेवटचा भाग पियानोच्या तीन ठसठशीत 'एफ'नी सुरू होतो, घंटेसारख्या. मी ते कसे ठोकते यावर पुढे क्लॅरिनेटने ते कसे घ्यायचे हे ठरतं. ही साथ नव्हे, जुगलबंदी आहे. खर्ज_पंचम यांना माझा पाठिंबा.

चौथी_तार: @फुंकर, श्वासावरच सगळं असेल तर ब्राम्सने स्वतःच हे सोनाटे व्हायोलासाठी (व्हायोलिनपेक्षा मोठं, गजाने वाजणारं वाद्य) का करून दिले? गजाला कुठला श्वास?

फुंकर: करून दिले, पण बदल करून. काही ओळी सप्तकभर खाली नेल्या, कुठे जोडस्वर घातले. वाद्य बदललं तसं लेखन बदललं, म्हणजे मुद्दा माझाच झाला की.

खर्ज_पंचम: आणि ते बदल तुम्हाला कळले कसे? दोन्ही पानं शेजारी ठेवूनच ना?

फुंकर: 🙂 हो. पण आधी दहा वर्षं वाजवून.