तोरणमाळला पर्यटक वाढले. पाड्याच्या विहिरीचं पाणी कसं तपासायचं?

शहादेकर
राम राम मंडळी. तोरणमाळला यशवंत तलावाच्या बाजूने राहण्याच्या सोयी वाढतायत. शनिवार-रविवारी आणि महाशिवरात्रीच्या यात्रेला गर्दी उसळते. त्यांच्या सांडपाण्याचे शोषखड्डे चढावर, पाड्याची विहीर उतारावर. "मध्ये ६० फूट अंतर आहे, चालतं" असं सांगतात. पाणी दिसायला नितळ आहे. तपासायचं काय, केव्हा, आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायचं? विहीर गोल, ४ मीटर व्यासाची, सध्या ३ मीटर पाणी.

काळा_कातळ
भाऊ, ६० फुटांचा हिशेब मातीवर बसतो. माती पाणी गाळते. सातपुड्याच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून धावतं, गाळलं जात नाही. भेग थेट विहिरीत उघडत असेल तर २०० फूटही कमीच. विहीर उपसा आणि चढाकडची भिंत नीट बघा. झरा जिथे फुटतो तिथे काळपट, बुळबुळीत थर दिसला तर संशय पक्का.

बिघाड मात्र टाकीत सुरू होतो. समजा सेप्टिक टाकी ३,००० लिटरची. घरची ५ माणसं, माणशी १०० लिटर, म्हणजे सांडपाणी ६ दिवस टाकीत थांबतं. शनिवारी ३० माणसं आली की एकच दिवस. त्यात अर्धी टाकी गाळाने भरलेली असेल तर १२ तास. मैला तळाला बसायच्या आधीच पुढे ढकलला जातो आणि शोषखड्डा बुजतो. मग सांडपाणी वर येऊन उताराने वाहतं. म्हणून टाकी घरच्या माणसांवर नाही, गर्दीच्या दिवसावर मोजायची आणि गाळ दर २-३ वर्षांनी उपसायचा. स्वयंपाकघराचं तेलकट पाणी आधी ग्रीस ट्रॅपमधून (तेल अडवणाऱ्या छोट्या टाकीतून) न्या.

नमुना_बाटली
शहादेकर दादा, नमुना दोनदा घ्या: यात्रेनंतर लगेच, आणि पहिल्या दमदार पावसानंतर. एरवी चांगला आलेला अहवाल या दोन दिवसांबद्दल काही सांगत नाही.

ई-कोलाय (मैल्यातून येणारे जंतू), नायट्रेट आणि क्लोराइड तपासा. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही नको. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. शोषखड्ड्यांच्याही वर, चढावरच्या दुसऱ्या विहिरीचा नमुनाही सोबत द्या. तिथल्यापेक्षा नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही जास्त असतील तर सांडपाण्याकडे बोट जातं. नुसतं नायट्रेट जास्त असेल तर खताचाही विचार करा.

बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली आणा, विसळू नका. काठाला न घासता सोडा, वर थोडी जागा रिकामी ठेवा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. आदल्या दिवशी टीसीएल टाकलं असेल तर तो नमुना वाया गेला.

एच-टू-एस बाटलीत (गावातच जंतू तपासायच्या बाटलीत) पाणी २४ ते ४८ तासांत काळं पडलं तर दूषित समजा. पण ती ३० अंशांच्या वर ठेवावी लागते. तोरणमाळच्या हिवाळी रात्री ती उघड्यावर राहिली तर दूषित पाणीही स्वच्छ दिसेल.

तापीकाठ
टीसीएलचा हिशेब: ४ × ४ × ३ × ०.७८५ = ३७.७ घनमीटर, म्हणजे सुमारे ३८,००० लिटर. चांगली पावडर १,००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे ९५ ग्रॅम. पावडर थेट विहिरीत फेकू नका. बादलीत कालवा, १० मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घ्या. खालचा चुना टाकून द्या. निवळी दोरीने खोल सोडून बादली खालीवर हलवा. एक तासाने ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची). पिवळा रंग आला नाही तर मात्रा वाढवा. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की पावडरीतला क्लोरीन उडतो, आणि चुकतं बहुतेक तिथेच.

एक गोष्ट पाड्यावर नक्की सांगा: नायट्रेट टीसीएलने जात नाही, उकळल्याने उलट दाट होतं. ते मर्यादेपेक्षा जास्त असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्या पाण्यातलं दूध देऊ नका.